बंद गाडी फ्लॅटबेडवरून किंवा ट्रेलरवरून नेताना

पुण्यात ‘टोइंग’ म्हटलं की आधी आठवते ती नो पार्किंगमधून दुचाक्या उचलणारी गाडी आणि हातात हेल्मेट घेऊन तिच्यामागे पळणारा माणूस. हा लेख वेगळ्या टोइंगचा आहे. तुमची चारचाकी खेड शिवापूरच्या अलीकडे बंद पडलीय, किंवा साताऱ्याच्या मामांची पंधरा वर्षं शेडमध्ये उभी असलेली जिप्सी तुम्हाला कोथरूडला आणायचीय, किंवा रॅलीसाठी तयार केलेली गाडी स्वतःच्या ट्रेलरवरून न्यायची हौस आहे. गाडी दुसऱ्या गाडीवर चढणार आणि काही किलोमीटर रस्त्याने जाणार.

अशा प्रवासात गाडीचं जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. हुक कुठे अडकवला, पट्टे कशावरून नेले, गिअर कुठे होता, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून मालकाने तेवढा वेळ टपरीवर न जाता बाजूला उभं राहून बघावं आणि खटकलं तर बोलावं. ‘दादा, जरा थांबा, हुक तिथे नको’ एवढं म्हणायला मेकॅनिक असावं लागत नाही. काय बघायचं ते माहीत असावं लागतं.

आधी गिअरबॉक्स बघा, मग क्रेन बोलवा

गाडी हलवायचे चार मार्ग आहेत. साखळीने ओढणं, म्हणजे आपलं टोचन. क्रेनने पुढची किंवा मागची दोन चाकं उचलून नेणं. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड. आणि ट्रेलर. कुठला चालेल हे तुमची गाडी ठरवते.

पुढच्या चाकांना ताकद देणारी साधी मॅन्युअल गाडी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, पुढची चाकं उचलून जवळपास नेता येते. मागचा हँडब्रेक मात्र पूर्ण सुटलेला हवा. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून मागची फिरत ठेवली, तर गिअरबॉक्सचा मागचा भाग आणि प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) फिरत राहतात. थोडं अंतर असेल तर गाडीची पुस्तिका परवानगी देते का ते पाहा. लांबचं असेल तर शाफ्ट सोडवा, नाहीतर सरळ फ्लॅटबेड बोलवा.

ऑटोमॅटिकचं प्रकरण नाजूक. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग तेलाविना घासतात, आणि गाडी मुक्कामी पोहोचेपर्यंत मूळ बिघाडापेक्षा मोठं बिल तयार झालेलं असतं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवू नयेत. इलेक्ट्रिक गाडीची आणि स्ट्राँग हायब्रिडची चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते, त्यामुळे तिथेही चारही चाकं वरच हवीत. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी, आतून मॅन्युअलच असते, पण बॅटरी मेली आणि गाडी गिअरमध्ये अडकली तर न्यूट्रल येत नाही. त्यामुळे क्रेनवाल्याला फोन करतानाच ‘एएमटी आहे, गिअरमध्ये अडकलीय’ असं सांगा. नाहीतर तो रिकाम्या हाताने येतो आणि चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या आणायला परत जातो.

शंका असेल तर फ्लॅटबेड. दोन पैसे जास्त जातील, पण क्रेनवाल्याशी गिअरबॉक्सवर वाद घालायची वेळ येणार नाही.

टोचन करायचंच असेल तर

टोचन शेवटचा उपाय. वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांत बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याइतपतच त्याला जागा आहे. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. साखळी किंवा दोर इतरांना सहज दिसेल असा हवा, म्हणजे मधोमध लाल किंवा पांढरं फडकं बांधा. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत इंग्रजीत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं. ही पाटी लावलेली गाडी सिंहगड रोडवर दिसणं हा दुर्मीळ योग आहे, पण नियम आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला हवा, आणि वेग ताशी वीसच्या पुढे नेऊ नका.

मागे बसणाऱ्याला आधी दोन गोष्टी सांगा. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर संपते. पेडल दगडासारखं होतं, पण ब्रेक लागतो, फक्त जोर सगळा लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होतं. किल्ली काढून ठेवली तर स्टिअरिंग लॉक होईल, म्हणून ती ‘ऑन’वर हवी. साखळी ताणलेली ठेवण्याची जबाबदारी मागच्याची असते, त्याने हलका ब्रेक देत राहायचं. नाहीतर ती सैल पडते, झटका बसतो आणि हुक निसटतो.

दोन ठिकाणी टोचनाचा विचारही करू नका. एक, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. दुसरं, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. तिथे ब्रेक तापलेले ट्रक मागून येत असतात. वीसच्या वेगाने ओढली जाणारी गाडी त्यांच्या वाटेत नको. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या मदत क्रमांकावर फोन करा, जीवाला धोका असेल तर ११२. एक्स्प्रेसवेवर रस्त्याच्या यंत्रणेची क्रेन तुम्हाला बाहेर काढते, तिची वाट बघा. तोवर सगळ्यांनी गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं, आणि लाल त्रिकोण मागे दूर, किमान पन्नास मीटरवर लावायचा. गाड्या वेगात असतील तर आणखी लांब. त्रिकोण डिकीतल्या पिशवीत कंपनीने दिलेला असतो. बऱ्याच जणांनी तो कधी उघडलेलाच नसतो.

स्वतःचा ट्रेलर वापरायचा विचार असेल, तर आधी कागद

परदेशी व्हिडिओ बघून हौस येते, पण आपल्याकडे खासगी गाडीमागे ट्रेलर ओढणं तितकं सरळ नाही. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे. कलम ३९ प्रमाणे त्याची नोंदणी हवी. त्याचा स्वतःचा क्रमांक, स्वतःचा विमा, मागचे दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर हवेत. भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये चॅनल जोडून बनवलेला, नोंदणी नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणला तर नोंदणीविना वाहनासाठी पहिल्या गुन्ह्याला कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, विम्याविना २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडापेक्षा मोठा प्रश्न अपघाताचा. ट्रेलर सुटून कुणाला लागला, तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाईल.

दुसरी अडचण ओढणाऱ्या गाडीची. इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली नसेल, तर विषय तिथेच संपला. मागे हुक वेल्ड करून घेण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. कलम ५२ उत्पादकाच्या मूळ आराखड्यापेक्षा वेगळा बदल करू देत नाही. बसवायचंच असेल तर उत्पादकाने मान्य केलेलं जोडणीचं साहित्य घ्या. आधी तुमच्या आरटीओत, म्हणजे एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळ आणि एमएच १४ असेल तर मोशीला, लेखी विचारा आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवा.

वजनाचा हिशोब कागदावर मांडा. स्विफ्टसारखी गाडी रिकामी साधारण ९०० किलो. चार चाकांचा गाडी वाहणारा ट्रेलर स्वतः पाचशे-सातशे किलोचा असतो. म्हणजे दीड टन मागे लागला. इनोव्हा क्रिस्टासारखी १,८०० किलोची गाडी चढवली तर अडीच टन. हा भार फक्त ओढायचा नसतो, खंबाटकीच्या उतारावर थांबवायचाही असतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर एवढं वजन मागे लावणं मला पटत नाही, कागद कितीही नीट असले तरी.

परवान्याचं सोपं आहे. एलएमव्ही म्हणजे ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची वाहनं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की या मर्यादेतली मालवाहू गाडीही त्या परवान्यावर चालवता येते. छोट्या फ्लॅटबेडचा चालक यात बसतो. मोठ्या गाडीला त्या वर्गाचा परवाना लागतो.

पुण्यात वर्षातून एकदा गाडी हलवायची असेल तर ट्रेलर घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुठे ठेवणार, हा प्रश्नही आहेच. बहुतेकांनी फ्लॅटबेड भाड्याने घ्यावा.

फ्लॅटबेडवाल्याला फोनवर काय विचारायचं

पहिलं, बेड झुकतो का आणि विंच, म्हणजे गाडी वर ओढणारी तारेची चरखी, चालू आहे का. नुसत्या मोकळ्या ट्रकला फळ्या लावून माणसांनी ढकलत गाडी चढवणारे लोकही स्वतःला फ्लॅटबेडवाले म्हणवतात. दुसरं, चाकांवरून बांधायचे पट्टे आहेत का आणि किती. ‘साखळी आहे ना साहेब’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. तिसरं, पैसे कशाचे: ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे काय दर, टोल कोणाचा, खड्ड्यातून ओढून काढायचे वेगळे का, थांबायचे वेगळे का. हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

गाडी आली की तिच्या आरसीचा फोटो मागा, किंवा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून वाहनाचा वर्ग, फिटनेस आणि विमा बघा. क्रेनवाले नाक मुरडतील. मुरडू देत.

तुमच्या बाजूने विमा तपासा. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत, स्वतःच्या नुकसानीच्या भागात, गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असतानाचं नुकसानही धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हे संरक्षण नसतं. अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला नेण्यासाठी मानक पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच खर्च मिळतो. आजच्या भाड्यात तेवढ्यात फारसं काही होत नाही, म्हणून रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी तिथे फोन करा. आणखी एक कलम फार कमी लोक वाचतात. तुमच्या गाडीने दुसऱ्याची बंद गाडी ओढली तरी तुमचा विमा लागू राहतो, पण पैसे घेऊन ओढली तर राहत नाही, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान विमा कंपनी त्या पॉलिसीत देत नाही. शेजाऱ्याने ‘डिझेलपुरते घे’ म्हटलं तरी घेऊ नका.

जुनी गाडी विकत घेऊन आणत असाल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट, मूळ आरसी, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि व्यवहाराची पावती सोबत हवी. राज्यातल्या राज्यात हस्तांतरण १४ दिवसांत कळवायचं असतं. ज्या गाडीची नोंदणी संपलीय किंवा विमा नाही, ती टोचन करून आणू नका. तिची चाकं रस्त्याला लागली की पोलिसांच्या दृष्टीने ते विम्याविना रस्त्यावर आलेलं वाहन ठरू शकतं. फ्लॅटबेडवर ती माल असते, आणि मालाचा मालक कोण एवढंच दाखवावं लागतं.

चढवताना

पहिले फोटो. चारही कोपरे, बंपर खालून, काचा, ओडोमीटर. मग गाडीतून मूळ कागद, किमती वस्तू आणि घराच्या किल्ल्या काढून घ्या. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती कुठे आहे ते बघा. काचा वर, आरसे मिटलेले, अँटेना काढलेला, टपावरचं कॅरिअर रिकामं. अपघातात बॉनेटचं कुलूप वाकलं असेल तर बॉनेट दोरीने बांधून टाका.

फास्टॅग आठवणीने झाका. टोल नाक्यावरचा रीडर वरच्या गाडीचा टॅगही वाचू शकतो, आणि मग एकाच नाक्यावर दोन टोल कापले जातात. आतून ॲल्युमिनियम फॉइल लावली की काम होतं.

जागा शक्यतो सपाट आणि सरळ हवी. सदाशिव किंवा कसबा पेठेतल्या बोळात फ्लॅटबेड वळत नाही, वरून केबल लोंबत असतात. तिथे गाडी हाताने ढकलत लक्ष्मी रोड किंवा बाजीराव रोडच्या रुंद भागापर्यंत आणावी लागते, आणि ते सकाळी सातच्या आत करावं. दिवसा शहरातल्या अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. चालकाला तुमच्या भागातल्या वेळा माहीत आहेत का, विचारा.

आता हुक. बऱ्याच गाड्यांमध्ये जॅकच्या संचात एक जाड कडी मिळते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती पेचात बसवायची असते. काही गाड्यांत पेच उलटा, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होणारा असतो. हाताने पूर्ण आत गेल्यावर पान्याच्या दांड्याने शेवटचा फेरा द्या. अर्धवट बसलेली कडी वाकते किंवा तुटून गोळीसारखी उडते. विंचची ओढ सरळ रेषेत हवी, तिरकी नको. हुक कडीतच. सस्पेन्शनच्या रॉडला, रेडिएटरच्या आधाराला किंवा बंपरला हुक लागला तर ‘थांबा’ म्हणायची हीच वेळ.

तार ताणलेली असताना तिच्या ओळीत किंवा गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही. तारेवर एक जाड गोणपाट टाकून ठेवलं तर तुटल्यावर तिचा फटका कमी होतो. गाडीत एकच माणूस, स्टिअरिंग सरळ ठेवायला आणि ब्रेक तयार ठेवायला. मुलं, बघे आणि फोनवर शूटिंग करणारे मेहुणे लांब.

बंपर खाली असेल तर रॅम्पच्या तोंडाशी जाड लाकडी फळ्या घालून चढ कमी करा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीची बॅटरी मेली असेल तर आधी जंप स्टार्टरने वीज द्या, ब्रेक सोडा आणि मगच विंच ओढा. जाम झालेल्या चाकांवर गाडी फरफटत चढवली की टायरला सपाट चट्टा पडतो.

गाडी वर आली की मॅन्युअल असेल तर पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’, आणि हँडब्रेक. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे. इथवर झालं की चालक म्हणतो, ‘चला, झालं.’ अजून निम्मं काम बाकी असतं.

बांधणं

विंचची तार गाडी ओढायला असते, धरून ठेवायला नाही. तिच्या भरवशावर गाडी नेणारे चालक रोज दिसतात, आणि अचानक ब्रेक लागल्यावर गाडी केबिनच्या दिशेने का सरकली याचं त्यांना आश्चर्य वाटतं. तार फक्त मागे घसरण्यापासून अडवते, पुढे जाण्यापासून नाही.

माल बांधण्याचं युरोपीय मानक, ईएन १२१९५, साधा हिशोब देतं: पुढच्या दिशेला वजनाच्या ८० टक्के जोर धरून ठेवता यायला हवा, मागे आणि दोन्ही बाजूंना ५० टक्के. तुमची गाडी १,२०० किलोची असेल तर जोरदार ब्रेकला साधारण ९६० किलोचा जोर पुढे जाऊ बघतो. आता पट्ट्याच्या लेबलवर ‘एलसी’ या इंग्रजी अक्षरांपुढचा आकडा शोधा. तो डेकान्यूटनमध्ये असतो, आणि १ डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा भार. पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर सरळ ओढीसाठी २,५०० असतं आणि वळसा घालून बांधल्यावर ५,०००. दुकानदार ‘पाच टनी’ म्हणून विकतो तो आकडा वळशाचा असू शकतो किंवा तुटण्याचा, म्हणून लेबलच बघा. लेबल नसलेला पट्टा कशासाठी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. बोहरी आळीत आणि नाना पेठेत चांगले पट्टे मिळतात. स्वतःचे चार घेऊन ठेवले तरी वाया जात नाहीत.

किती पट्टे? चार, प्रत्येक चाकाला एक. चाकावरून, टायरच्या माथ्यावरून जाणारा पट्टा सर्वात चांगला, कारण गाडीचं सस्पेन्शन वर-खाली हललं तरी चाक बेडला धरून राहतं. चासीला बांधलं तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा सैल पडतो, मग झटक्याने ताणतो. हडपसर ते लोणी काळभोर एवढ्यातही हे शंभरदा होतं. चासीलाच बांधायचं असेल तर उत्पादकाने दिलेल्या बांधणीच्या भोकांतून, आणि दोन्ही बाजू सारख्या ताणून.

पट्टा कशावरून जाऊ नये याची यादी लक्षात ठेवाच: टाय रॉड, अँटी-रोल बार, स्प्रिंग, ब्रेकचा पाइप, इंधनाची नळी, सायलेन्सर, अलॉयचे दांडे, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखालचा बॅटरीचा खोका. पट्टा पत्र्याच्या धारेवर घासत असेल तर मध्ये रबराचा तुकडा द्या. रॅचेटवर, म्हणजे पट्टा ताणायच्या खटक्यावर, पट्ट्याचे दोन-तीन फेरे बसलेले हवेत. उरलेलं टोक बांधून टाका, नाहीतर ते वाऱ्यात फडफडत चाकाखाली जातं.

पुढचे पट्टे पुढच्या बाजूला खेचणारे, मागचे मागच्या बाजूला, म्हणजे गाडी दोन्हीकडून ताणलेली राहते. चारही एकाच दिशेला ओढत असतील तर बांधणी अर्धी झाली. शेवटी गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. गाडी आणि बेड एकत्र हलले तर ठीक. गाडी वेगळी हलली तर पुन्हा ताणा.

उंचीही एकदा मोजा. बेड साधारण मीटरभर उंच, वर एसयूव्ही आणि तिचं कॅरिअर, म्हणजे तीन मीटर सहज होतात. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांना उंचीचे लोखंडी अडथळे असतात, त्यांच्या पाटीवरचा आकडा चालकाने बघितला पाहिजे. गाडी बेडच्या बाहेर डोकावत असेल तर तेही तपासा. परवानगीपेक्षा जास्त बाहेर आलेल्या भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे.

ट्रेलर असेल तर तोल

फ्लॅटबेडला हा प्रश्न कमी, ट्रेलरला जीवघेणा. गाडीचं वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या किंचित पुढे यायला हवं, म्हणजे जोडणीच्या हुकावर एकूण ट्रेलरच्या साधारण १० टक्के भार येतो. दीड टनाला दीडशे किलो. पुढच्या इंजिनाची गाडी तोंड पुढे करून चढवली की हे बहुधा जमतं, मग ती थोडी पुढे-मागे सरकवून नेमकं जुळवायचं. अंदाज नको असेल तर मार्केट यार्ड किंवा चाकण भागात वजनकाटे भरपूर आहेत. ट्रेलरचा फक्त पुढचा आधार, म्हणजे दांडीखालचा पाय, काट्यावर टेकवा, चाकं बाहेर ठेवा, आकडा मिळतो. पुढचा भार पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त होऊ देऊ नका, ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागतं.

वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. सुरू झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने त्याला उत्तर देऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरला हाताने चालवायचा वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलका लावा. मग बाजूला थांबून गाडी पुढे सरकवून पुन्हा बांधा.

निघण्याआधी जोडणीचं कुलूप बसलंय का बघायला ट्रेलरची दांडी थोडी वर उचलून बघा. हुक सुटत नसेल तर ठीक. सुरक्षा साखळ्या जोडणीखाली एकमेकींवरून तिरक्या बांधा, म्हणजे हुक सुटला तरी ट्रेलरची दांडी जमिनीत न घुसता साखळ्यांवर पडते. दिवे कोणालातरी मागे उभं करून तपासा. टायरची हवा, बेअरिंगची उष्णता, स्टेपनी. ट्रेलरचे टायर उभ्यानेच म्हातारे होतात, वर्षानुवर्षं उन्हात असल्यावर रबराला भेगा पडलेल्या असतात.

रस्त्यावर

पाच-दहा किलोमीटर गेल्यावर पहिला थांबा. पट्टे ताणून बसतात तसे सैलही होतात, म्हणून एकदा फिरून सगळे पुन्हा घट्ट करा. साताऱ्याहून येत असाल तर खंबाटकीच्या आधी, आणि खेड शिवापूरच्या टोलनंतर कात्रजच्या उतारापूर्वी पुन्हा. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे चालक असतात. ते तुमच्या गाडीचं आणि नवले पुलावर समोर थांबलेल्यांचं भवितव्य पणाला लावतात. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक अधूनमधून लावून सोडा, सतत दाबून धरू नका.

अंतर एरवीच्या दुप्पट ठेवा. लेन बदलताना ट्रेलरच्या मागच्या टोकाचा विचार करा. वळणावर तो आतून कापतो, त्यामुळे चांदणी चौकाच्या रॅम्पवर आतल्या कठड्यापासून जास्त जागा सोडा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा तिकडे हात हलवा. जमत नसेल तर पुढे येऊन सरळ करून पुन्हा सुरू करा. बाहेर उभ्या माणसाच्या ‘येऊ दे, येऊ दे’वर विसंबू नका.

वरच्या गाडीत कोणालाही बसू देऊ नका. क्रेनच्या केबिनमध्ये जागा कमी असेल तर तुम्ही रिक्षाने जा, पण बेडवरच्या गाडीत बसून जाणं हा प्रवास नव्हे. फ्लॅटबेडच्या मागोमाग दुचाकीनेही जाऊ नका. पट्टा सुटला तर समोर तुम्हीच असता.

उतरवताना

सपाट जागा, चाकांना ठोकळे. आधी विंचची तार जोडून ताणा, मगच पट्टे सोडा, आणि सगळ्यांत शेवटी हँडब्रेक. हा क्रम उलटा झाला की गाडी स्वतःच उतरायला लागते. आत पुन्हा एकच माणूस. तार हळूहळू सोडत गाडी खाली आणा. ती पूर्ण जमिनीवर येऊन हँडब्रेक लागेपर्यंत हुक काढू नका.

मग चढवतानाचे फोटो समोर धरून पुन्हा एक फेरी मारा. चाकांच्या कडा, बंपरचं खालचं टोक, आरसे आणि हुकाची जागा बघा. नवा ओरखडा दिसला तर चालकाला दाखवून तिथेच फोटो काढा, आणि तो मान्य असल्याचं त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. पैसे त्यानंतर. गॅरेजमध्ये सोडली असेल तर फास्टॅगवरची फॉइल काढून टाका आणि सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद आहे हे मेस्त्रीला सांगून निघा.